रोमन भिंत आणि टिश्यूचं पाकीट

सिंगापूरमधल्या आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये, इथल्या नव्या घरांत असतं तसं, एक बॉम्ब शेल्टर आहे. त्यात मुद्दाम काही ठेवायला कोणी जात नाही, तरी ते भरतच जातं. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचं तसंच आहे. रविवारी हॉकर सेंटरमध्ये कॉफी समोर आली की कोणीतरी दार उघडतं आणि इंग्लंडची सहल अंगावर कोसळते.

सहल माझ्या बायकोची, विद्याची कल्पना. उत्तर इंग्लंडमधली रोमन लोकांची सरहद्दीची भिंत तिला बघायची होती. बुकिंग तिनंच केलं आणि निघायच्या आधीच ती गेली. ग्रुपमधला नेने म्हणाला, "चल रे. घरी बसून काय करणार?" नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. गेलो. धास्ती एकच होती. शेजारच्या, तिच्या सीटवर कोणी परका येऊन बसेल.

*

सावंत मूळचा पुण्याचा. कुठलीही भिंत दिसली की तो गडाशी तुलना करतो. ही भिंत कमरेएवढी निघाली.

"ही अडवणार कुणाला? शेळीला?"

गाइडनं शांतपणे सांगितलं, की पूर्वी ती उंच होती. नंतर आसपासच्या लोकांनी दगड नेऊन घरं आणि गोठे बांधले.

"असं होय!" सावंत एकदम आपलेपणानं म्हणाला. "म्हणजे आपलीच माणसं!"

*

छावणीत सैनिकांचा संडास होता. लांबच्या लांब बाक, मध्ये आडोसा नाही. सगळ्यांनी शेजारी शेजारी बसायचं. नेने बराच वेळ बघत राहिला.

"आमच्या ऑफिसनंही हेच केलंय. ओपन प्लॅन म्हणतात!"

*

म्युझियममध्ये काचेमागे जुने चामड्याचे बूट. मोठ्यांचे, बायकांचे, अगदी तान्ह्या मुलांचेसुद्धा. मृणालवहिनी, म्हणजे नेनेची बायको, म्हणाली, "गणपतीच्या आरतीला माणसं आत गेलीयत आणि हे दाराबाहेर, असं वाटतंय नाही, भाऊजी?"

त्यांची सिंगापुरात वाढलेली इरा काचेला नाक लावून तिथल्या ढंगात म्हणाली, "पण ममा, कोणी परत आलंच नाही, लाह!"

आमच्या दारातल्या रॅकवर विद्याच्या चपला अजून आहेत. मी पुढच्या काचेकडे वळलो.

*

म्युझियमच्या कॅफेत गर्दी. नेनेनं सवयीनं रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि आम्ही सगळे निर्धास्त रांगेत गेलो. सिंगापूरमध्ये असं पाकीट ठेवलं की जागा धरली; त्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही! सूप घेऊन परत येतो तर टेबलावर एक गोऱ्या आजी स्कोन खातायत. पाकीट त्यांनी हरवलेली वस्तू म्हणून काउंटरवर नेऊन दिलं होतं.

इथे माणसं आहेत, म्हणजे जागा धरलेली आहे, हे सावंत कळवळून आमच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, हिअर गॉट पीपल!"

आजींनी चष्मा सावरून चारी बाजूंना पाहिलं. "कुठे आहेत?"

आम्ही सूप उभ्यानं प्यायलो.

*

परतीच्या बसमध्ये नेने आणि मृणालवहिनी एकत्र बसले, त्यांच्या मागे सावंत आणि इरा. मी पलीकडे, एकटा. डोळे मिटून घेतले होते. पुढच्या स्टॉपवर बस भरली. खांद्याशी कोणीतरी वाकून विचारलं, "इथे कोणी आहे का?"

मी डोळे उघडले. 'नाही' म्हणणारच होतो. शेजारच्या सीटवर, बरोबर मधोमध, टिश्यूचं पाकीट होतं.

पलीकडून सावंत खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "सॉरी सर. हिअर गॉट पीपल."