टायपिंगबाई आणि काळी स्क्रीन

टायपिंगबाई कीबोर्डकडे कधी बघत नसत. गप्पा मारता मारता बोटं पळत राहायची आणि नजर आपल्या चेहऱ्यावर. त्यामुळे त्यांच्यासमोर थाप मारायची सोय नव्हती. कल्याणात विहाराच्या गल्लीत त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. शाळेत असताना मी तिथेच शिकलेले. टाइपरायटरचे दिवस सरले, तसे बाईंनी कुठल्याशा ऑफिसातून बाद झालेले कॉम्प्युटर मिळवले आणि गृहिणींना, निवृत्त मंडळींना शिकवायला सुरुवात केली. मी तोवर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले होते. त्या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीम घालून द्यायचं काम हक्कानं माझ्याकडे आलं.

मी माझ्या आवडीची, फुकट मिळणारी सिस्टीम घातली. काळी स्क्रीन, चमकणारा कर्सर, आणि टाइप केलेला हुकूम निमूट ऐकणारं मशीन. बाईंनी शांतपणे पाहिलं. "छान आहे. तुझ्यासाठी. माझ्या बायकांसाठी नाही."

"पण बाई, यात हवं ते करता येतं."

"अगं, तुझं स्वयंपाकघर आत राहू दे. पाहुण्यांना ताट वाढ."

मग मी मोठमोठ्या चित्रांचं ताट वाढलं. काळी स्क्रीन आत कुठेतरी दडवून ठेवली.

एकदा कळव्याहून येणाऱ्या सुशीलाताईंच्या समोर लाल अक्षरांत इंग्रजी इशारा झळकला. आपण मशीन मोडलं, असं वाटून त्या पर्स उचलून घरी गेल्या आणि यायच्या बंदच झाल्या. बाईंनी मला त्यांच्याकडे धाडलं. "जाऊन सांग, मशीन शाबूत आहे. आणि तो इशारा आधी बदल. चूक माणसाची असली तरी यंत्रानं नरमाईनंच बोलायचं." सुशीलाताईंनी मला चहा पाजला, दोन-तीनदा खात्री करून घेतली आणि पुन्हा वर्गाला येऊ लागल्या. ऑफिसात एखादा इशारा लिहिताना मी आजही तो मनात सुशीलाताईंना वाचून दाखवते.

पुढे बाई वरचेवर सांगू लागल्या, "अक्षरं जरा मोठी कर गं, माझ्या म्हाताऱ्यांना दिसत नाहीत." मी करत गेले. एका दुपारी वर्ग सुटल्यावर पाहिलं, तर माउसचा बाण स्क्रीनच्या कोपऱ्यात अडकलेला आणि बाई तो भलतीकडेच शोधत होत्या.

"बाई, म्हातारे कोण?"

"मीच गं." काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. मग त्यांनी विचारलं, "ते तुझं काळं पान आत अजून आहे का?"

"आहे की. पण तुम्हाला तर..."

"चित्र शोधावं लागतं. शब्द आठवला की झालं."

मी स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज बसवला. हुकूम मराठीत करून दिले: उघड, वाच, पाठव. शब्द बाईंनीच निवडले. मशीनची उत्तरंही त्यांनीच सांगितली. "मी त्याला अरे-तुरे करीन. त्यानं मला अहो-जाहो करायचं." आवाज डोंबिवलीचा असा काही उच्चार करायचा की बाई पोट धरून हसायच्या. पण हुकूम देताना पाठ ताठ, तोंड खिडकीकडे, आणि बोटं पूर्वीसारखीच पळत. माझ्या ऑफिसात इतक्या झपाट्यानं काम करणारं कुणी नव्हतं.

शेवटी वर्ग बंद करून त्या मशीनसकट लेकीकडे नाशिकला गेल्या. तिथूनही फोन यायचा. "हा फार घाईत बोलतो गं. त्याला सांग, मी कुठे पळून जात नाहीये."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. काही दिवसांनी लेकीचा फोन आला. "ताई, आईचं मशीन अजून चालूच आहे. घरात कुणालाच येत नाही ते. ना चित्र, ना बटण. बंद कसं करू? वायर खेचायला हात धजत नाही."

"'पुरे' असं टाइप कर," मी म्हटलं.

तिनं फोन शेजारी ठेवला असावा. एकेक अक्षर शोधून दाबल्याचा आवाज आला. मग तो सपाट, यांत्रिक आवाज म्हणाला, "बरं बाई. आता विसावा घ्या."

मशीनच्या पंख्याची घरघर थांबली.