चोरखमाऱ्याच्या पाण्याला नांगराची साक्ष

कोजागिरी झाली होती आणि मला कुठेही जायचं नव्हतं. नवं धान यायच्या आधी गोंदियाच्या गिरण्यांत इंजिनं उघडून साफ करतात. आमच्या गिरणीचं इंजिन मीच उघडतो, मीच जोडतो, आणि त्या कामाने पाठ पुरती धरली होती. तेवढ्यात थोरल्या बहिणीचा निरोप आला : "भाटव्यावर पाणीचोरीचा आळ आला हाय. तू शिकलेला, येऊन सांग." भाटवे म्हणजे तिचे यजमान. आणि शिकलेला म्हणजे मराठी चौथी. पुढचं सगळं मी एकट्याने वाचून मिळवलं, त्यात खगोलशास्त्रही आलं, हे ती जाणून होती. निघालो.

तिकडे जाणाऱ्यांनी सकाळची पॅसेंजर धरावी. तिरोड्याला उतरलं की स्टेशनाबाहेर रेंगी मिळते, हलकी बैलगाडी. चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या गावांपर्यंत माझ्याकडून सव्वा रुपया घेतला. गाडीवान दीडावर अडून बसला होता. दुपारनंतर मात्र कुणी यायला तयार होत नाही, वाटेत अस्वलं असतात. रस्ता आधी गिट्टीचा, मग मुरमाचा, मग नुसत्या चाकोऱ्या. खाली गवताची गादी असूनही प्रत्येक खड्डा मणक्याने मोजला. वाटेत एका बाईकडून उकडलेले शिंगाडे घेतले. ते तेवढे चांगले होते.

पोचलो तेव्हा बहीण अंगणात उभी होती. पाण्याचा तांब्या देतानाच म्हणाली, "नारान, उद्याच सांगून टाक सगळ्यांले. लोक आमच्याकडे कसे पाहून राहिले, पाहशील तू."

प्रकरण असं. कालव्याचं पाणी गावाच्या पाटात येतं, आणि पाटाच्या शेवटाला दोनच शेतकरी : भाटवे आणि शेजारचे भुरेलाल. अंधार पडल्यापासून नांगर टेकडीवर निघेपर्यंत पाणी भुरेलालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या वाफ्यांत, तिथून उजाडेपर्यंत भाटव्यांच्या. नांगर म्हणजे पुस्तकातल्या मृगाचे ते ओळीतले तीन तारे आणि त्यांखाली लोंबणारे बारके. ही रीत जुनी. पण एरवी दसऱ्याच्या आसपास चार-सहा रात्री पाणी घेतलं की काम भागायचं. यंदा पावसाने लवकर पाठ फिरवली, धान पोटरीवर आलेलं, आणि घटस्थापनेपासून पाळ्या अखंड चालू होत्या. भुरेलालची वरची बांधी भेगाळली. त्याने गावभर बोभाटा केला की भाटवे वेळेआधीच पाट फोडतात. आळ खरा ठरला तर गाव भाटव्यांची पाळी काढून घेणार होतं.

मी मनाशी म्हटलं, हे तर सोपं आहे. गोंदिया स्टेशनच्या घड्याळाशी जुळवलेलं माझं घड्याळ खिशात होतं. त्या रात्री नांगर टेकडीवर आला ती वेळ पाहिली, भाटव्यांनी त्यानंतरच फावडं मारलं हेही पाहिलं, आणि सकाळी पाच माणसं जमली तेव्हा बोललो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तारे नि चंद्र पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतात. तिची चाल एकसारखी आहे, तारा कुणाच्या सांगण्याने आधी येत नाही, तेव्हा माझे भाटवे निर्दोष आहेत.

"असंल जी," भुरेलाल म्हणाला. "मंग माझी बांधी काऊन फाटली? घट बसले तवा माझ्या पाळीत एक झोप होऊन जात होती. आता बिडी विझत नाही तर हे पाट फोडाले हजर!"

"बिडी लांब घे न मंग," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"हसा! त्या चांदणीवर माझा भरोसा नाही. चंद्रावर पाळी लावा."

बहिणीने त्या दिवशी लाखोरीच्या डाळीचं वरण नि भात केला होता, वर तुपाची धार. भाटवे कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, असं ती म्हणाली. मी परत निघायला हवं होतं. पण पाठ रेंगीत बसायला तयार नव्हती, म्हणून राहिलो.

दुसऱ्या रात्री नांगर चार मिनिटं आधी आला. मी घड्याळाला दोष दिला; प्रवासात धक्के बसले असतील. तिसऱ्या रात्री आणखी चार मिनिटं. घड्याळ पुढे-मागे होतं, पण असं मापात होत नाही. पाटाच्या काठावर डास फोडून काढत होते आणि मला उठवत नव्हतं. पृथ्वीची गिरकी मी सांगितली होती. ती गिरकी घेत घेत सूर्याभोवतीही चालते, हे मी वाचलेलं होतं, पाठ होतं, आणि सांगायचं राहिलं होतं. मला सुचलंच नव्हतं. रोजची चार मिनिटं म्हणजे पंधरवड्यात एक तास. भाटव्यांनी चोरी केली नव्हती. पण पाणी मात्र भुरेलालचं गेलं होतं.

पहाटे चुलीशी बहिणीला सांगितलं. ती लाकूड सारता सारता थांबली.

"हे कोणाले माहीत हाय?"

"सध्या मला."

"मंग कायले सांगतोस? आणखी आठ-दहा रात्री. धान भरू दे."

तिने लाकूड आत लोटलं.

सकाळी पुन्हा माणसं बोलावली, या वेळी खळ्यावर. मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात ती मेढ मधोमध उभीच होती. "ही मेढ म्हणजे सूर्य," मी म्हटलं, "आणि मी पृथ्वी." मेढीकडे पाठ करून उभा राहिलो, समोर चिंच. "माझी पाठ सूर्याकडे, म्हणजे माझी मध्यरात्र, आणि चिंच म्हणजे नांगर." मग जागच्या जागी गिरकी घेतली. "झाडं फिरली का?"

"तुमीच फिरले जी," मला परत न्यायला आलेला गाडीवान म्हणाला. "पडसान."

"तसं चंद्र-ताऱ्यांचं. हे परवा सांगितलं. आता परवा राहिलेलं सांगतो." एकेक गिरकी घेत मेढीभोवती सरकत गेलो. या वयात हे करू नये. पाव फेरा झाल्यावर मेढीकडे पाठ करून थांबलो तेव्हा समोर चिंच नव्हती, तलावाची पाळ होती. "रात्र तीच, पण मी जागा सोडली. म्हणून चिंच आता मध्यरात्र होण्याआधीच समोर येऊन जाते. नांगर रोज थोडा आधी निघतो तो असा. भाटवे ताऱ्याप्रमाणेच वागले. पण भुरेलालची पाळी रोज कापली गेली, हेही खरं."

भाटवे खाली बघत होते.

"आणि चंद्र?" भुरेलालने विचारलं.

"चंद्र स्वतःच पृथ्वीभोवती चालतो, म्हणून तो रोज उशिरा उगवतो. त्याच्यावर पाळी लावली तर अवसेला अख्खी रात्र तुमची."

"मंग तोच बरा न!" तो म्हणाला, आणि हसू आवरून भाटव्यांकडे वळला. "चोर म्हनलो ते माझं चुकलं. पन पानी तर गेलंच न, भाऊ?"

भाटवे उठले. "आजपासून चार रात्री सगळं पानी तू घे," म्हणाले. "मंग एक रात्र आधी तू, एक रात्र आधी मी." फावडं घेऊन पाटाकडे गेले आणि भर उन्हात आपल्या बांध्यांचं तोंड मातीने बंद करायला लागले.

बहिणीने वाटेसाठी पोहे बांधून दिले. रेंगीपाशी आली ती एवढंच म्हणायला : "मी भावाले बोलावलं होतं. पंचाले नाही."

परतीचा रस्ता तोच, सव्वा रुपयाच. गाडीवान तारे, ग्रहण, शेपटीवाला तारा असं काय काय विचारत होता. मला उत्तरं येत होती, पण तोंड उघडायचा कंटाळा आला होता. घरी बायकोने विचारलं, "सुटले का भाटवे?" सुटले म्हणालो, आणि अंथरुणावर पडलो ते दुसऱ्या दिवशी उठलो.

भाऊबीजेला बोलावणं आलं नाही. न बोलावता गेलो असतो तर तिने ओवाळलं असतं, हे कळतं. मी गेलो नाही.

धान निघाल्यावर भाटवे बैलबंडी घेऊन गिरणीवर आले. पोती नेहमीपेक्षा कमी होती. त्यांनी ती मला दाखवली नाहीत आणि मी मोजली नाहीत. इंजिनाशेजारी बाकावर बसून त्यांनी चहा घेतला, मी उभाच होतो.

"बाई कशी आहे?" मी बहिणीचं विचारलं.

"रागात हाय अजून." बशी खाली ठेवून ते इंजिनाचं फिरतं चाक बघत राहिले. मग म्हणाले, "नारान, एक विचारू? सूर्याभोवती आपून चालून राहिलो. तो सूर्य तरी एका जागी उभा हाय का, का तोही कोठं चालला?"

मी जेवढी पुस्तकं वाचली होती ती सगळी मनात चाळली. चाक फिरत होतं.

"मला माहीत नाही, भाटवे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बाकावर सरकून मला बसायला जागा केली.