बाळंतिणीचं बाथरूम

कौसाबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं, माझ्या नव्याकोऱ्या बाथरूमच्या फरशीवर बसकण मारली आणि दोन्ही पाय लांब केले. म्हणजे करायला गेली. पाय निम्मेच लांब झाले आणि टाचा समोरच्या काचेच्या पार्टिशनला टेकल्या.

"हं," ती म्हणाली. "आता लेकरू कुठं ठिवू? काचंवर?"

दारात शोभाताई उभ्या होत्या. घर त्यांचं. त्यांच्या मागं आमचे फरशीवाले सलीमभाई. तिघंही माझ्याकडं बघायला लागले. डिझाइन माझं होतं, तेव्हा उत्तर मीच द्यायचं होतं.

मी इंटिरियरची कामं करते. छत्रपती संभाजीनगरात बावीस वर्षं झाली. माझ्याकडं बंगलेवाले कमी आणि सिडकोतल्या जुन्या घरांची कामं जास्त. "मॅडम, थोडक्यात करून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक हटकून माझ्याच दारात येतं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पैसा ओतून बाथरूम कुणीही छान करेल. कमी पैशात करायला डोकं लागतं, आणि ते आपल्याकडं आहे अशी माझी समजूत होती. कौसाबाईनं ती दोन मिनिटांत खोटी ठरवली.

शोभाताईंचे मिस्टर शेंद्र्याला कंपनीत आहेत, शिफ्टची ड्यूटी. मूळ पिशोरकडचे, शेती गावी भाऊ बघतो. एकुलती एक मुलगी अश्विनी, पुण्यात दिलेली. तिला दिवस गेले तेव्हापासून शोभाताईंनी डिंक, खारीक, मेथ्या जमवायला सुरुवात केली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? पण सातव्या महिन्यात पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. तुमच्याकडं संडास मागच्या बाजूला, तोही खाली बसायचा. डॉक्टरांनी अश्विनीला उकिडवं बसायला मनाई केलीय. बाळंतपण इथंच करू, तुम्ही या की आठ दिवस.

हे सांगताना शोभाताई माझ्या ऑफिसात चक्क रडल्या. "मॅडम, मला एकच लेक आहे. माझं माझ्या आईनं केलं. आणि मी काय नुसते पेढे खायला पुण्याला जायचं?"

वेळ तीन आठवडे. ओटी भरली की मुलीला घेऊन यायचं, कारण आठवा लागला की त्यांच्यात प्रवास करू देत नाहीत. बजेट साठ हजार. त्यात फोडाफोड, प्लंबिंग, कमोड, गीझर, टाइल्स आणि मजुरी, सगळं.

मी म्हटलं, होईल.

सिडकोच्या जुन्या घरांत न्हाणी आणि संडास शेजारी शेजारी असतात, मध्ये चार इंची भिंत. ती आम्ही पाडली. साडेतीन फूट रुंद आणि आठ फूट लांब अशी एक खोली मिळाली. पाण्याचा निळा ड्रम मागच्या दाराबाहेर हलवला. टाइल्स मी दुकानातल्या उरलेल्या पेट्यांमधून काढल्या. एकच डिझाइन असलं तरी वेगवेगळ्या वेळी भाजलेल्या टाइल्सचा रंग थोडा फिरतो, त्यामुळं अशा सुट्या पेट्या कुणी घेत नाही आणि दुकानदार त्या निम्म्या भावात देतो. मी फिका आणि गडद असे आडवे पट्टे पाडले. बघणाऱ्याला वाटावं, मुद्दाम केलंय. टाइल्स चार फुटांपर्यंतच, वर ऑइल पेंट. आरसा शोभाताईंच्या रुखवतातल्या कपाटाचा काढून त्याला नवी फ्रेम केली. सगळं मनासारखं जमत गेलं, आणि बजेटमध्ये थोडे पैसे उरले.

तिथं माझी मती फिरली. उरलेल्या पैशांत मी काच घेतली.

काच कशासाठी? आमच्या धंद्यात दोन शब्द आहेत, वेट एरिया आणि ड्राय एरिया. अंघोळीचा कोपरा ओला, कमोड-बेसिनची बाजू कोरडी, आणि मध्ये काचेचं पार्टिशन. त्यामुळं पाणी पसरत नाही आणि फोटोही झकास येतो. खरं सांगायचं तर मला फोटो हवा होता.

सलीमभाई म्हणाले होते, "मॅडम, इत्ती छोटी जगा में काच कायकू?"

मी म्हटलं, "सलीमभाई, झाल्यावर बघा."

झाल्यावर विहीणबाईंनीही बघितलं, व्हिडिओ कॉलवर. शोभाताईंनी मोबाइल सगळीकडं फिरवला. "अरे वा, हॉटेलसारखं झालंय," विहीणबाई म्हणाल्या. मग विचारलं, "फरशी कशी आहे?" मी कॅमेऱ्यात तोंड घालून सांगितलं, "मॅट फिनिश आहे, सध्या तीच फॅशन आहे." "ओली झाल्यावर कशी दिसते?" मी म्हटलं, "अजून सुंदर." विहीणबाई स्क्रीनजवळ आल्या. मग म्हणाल्या, "बरं. ओटी भरली की पाठवते अश्विनीला. मी येते सोडायला."

फोन ठेवल्यावर शोभाताईंनी मला मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कौसाबाईला बोलावलं. ही बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी. तीही पिशोरचीच, आता मुलाकडं मुकुंदवाडीत राहते. त्या भागातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. तिला पैसे-वेळ ठरवायला बोलावलं होतं, तर ती म्हणाली, आधी जागा दाखवा.

आणि मग ते पाय आणि ती काच.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाळाला न्हाऊ घालणारी बाई जमिनीवर बसते, पाय सरळ लांब करते, आणि बाळाला आपल्या नडग्यांवर आडवं घेते. तेल, मग डाळीचं पीठ, मग गरम पाणी. एका बाजूला दोन बादल्या, दुसऱ्या बाजूला पाणी घालून द्यायला घरातलं कुणीतरी. याला सलग पाच फूट तरी लागतात. माझा वेट एरिया तीन फुटांचा होता.

कौसाबाई तेवढ्यावर थांबली नाही. तिनं शोभाताईंकडून तेलाची बाटली मागून घेतली, चार थेंब फरशीवर टाकले आणि टाच फिरवली. टाच सर्रकन गेली.

"ही लई घसरती," ती म्हणाली. "मी पडले तर पडले. पर माझ्या हातात लेकरू असतंय."

मग तिनं पाणी जायची जाळी बघितली. मी तिथं टाइलची जाळी बसवली होती, म्हणजे वरून फरशीच दिसते आणि कडेच्या बारीक फटीतून पाणी जातं. "ह्यातून पीठ जाईल व्हय? दोन दिवसांत तुंबंल."

मला राग आला. नव्या कामाला कुणी नावं ठेवली की येतोच. मी म्हटलं, "कौसाबाई, आता बाळाला अंघोळ घालायचे टब मिळतात बाजारात."

"मिळत्याल की. मंग मला कशाला बोलिवलं?" ती उठायला लागली. उठता उठता थांबली. "बाई, तुमाला लेकरं हायती का नाय?"

"दोन आहेत."

"मंग त्यांना कुठं न्हाऊ घातलं? कपाटात?"

सलीमभाई तोंड फिरवून हसले. मला हसू आलं नाही. माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली. अशीच एक बाई यायची. सोसवेल न सोसवेल असं गरम पाणी ती पाठीवर घालायची आणि त्यानंतर जी झोप लागायची, तशी पुन्हा कधी लागली नाही. हे सगळं मला माहीत होतं. आणि बाळंतिणीसाठी म्हणून बाथरूमचं डिझाइन काढायला बसले तेव्हा यातलं मला काही म्हणजे काही आठवलं नव्हतं. लाज वाटली, दुसरं काय.

पण काच काढणंही सोपं नव्हतं. शोभाताईंनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, विहीणबाई काच बघूनच हो म्हणाल्यात. रविवारी त्या स्वतः येणार. काच दिसली नाही आणि पोरीला घेऊन परत गेल्या तर?"

मी पळवाट काढली. "राहू द्या मग काच. बाळाला खोलीत घमेल्यात घालू अंघोळ. अश्विनी स्टूलवर बसून शॉवर घेईल."

शोभाताई तडक निघाल्या. आत जाऊन बाथरूमच्या दारात उभ्या राहिल्या. कौसाबाई अजून तिथंच पदरानं टाच पुसत होती. मग त्या वळून म्हणाल्या, "काढा. विहीणबाई एक दिवस बघणार. माझी लेक तिथं सव्वा महिना न्हाणार आहे."

रविवारला चार दिवस होते.

सलीमभाई म्हणाले, "हौ मॅडम, निकाल देतूं. लेकिन दुकानवाला वापस नै लेता." बरोबर होतं. ही काच टफन केलेली असते, म्हणजे भट्टीत घालून कडक केलेली. आधी मापाला कापतात, मग कडक करतात. नंतर कापायला गेलं की साबुदाण्यासारखी विखरते. त्यामुळं ती दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही. चूक माझी होती, म्हणून काचेचे पैसे मी भरले आणि ती माझ्या घरी नेली. आमच्या ह्यांनी विचारलं, हे काय? म्हटलं, शिकवणीची फी.

आता फरशी. मी महागातल्या अँटी-स्किड टाइल्सची नावं घ्यायला लागले. सलीमभाई म्हणाले, "शहाबादी डालो ना मॅडम. बगैर पॉलिश." हे मला सुचायला हवं होतं. शहाबादी फरशी म्हणजे आपल्याकडं जुन्या घरांत असते ती काळपट दगडी फरशी. पॉलिश न केलेली असली की खरखरीत राहते, तेल सांडलं तरी पाय धरून ठेवते. आणि टाइल्सपेक्षा कितीतरी स्वस्त. अंघोळीच्या भागातल्या माझ्या फॅशनेबल टाइल्स निघाल्या आणि शहाबादी बसली.

ढाळ कौसाबाईनं सांगितला. ढाळ म्हणजे पाणी जाळीकडं वाहावं म्हणून फरशीला दिलेला उतार. माझा उतार कोपऱ्याकडं होता, नेमका तिच्या बसायच्या जागेखाली. "पानी माझ्या पायाकडनं गेलं पायजे, बुडाखाली नाय," ती म्हणाली. काय हवं याचं इतकं सरळ ब्रीफ मला आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं दिलेलं नाही. जाळी पायाच्या टोकाला नेली, साधी स्टीलची, हातानं उचलता येणारी. बादलीसाठी नळ दीड फुटावर घेतला. सिमेंट सुकेपर्यंत घरातली सगळी माणसं शेजाऱ्यांकडं अंघोळीला जात होती.

रविवारी दुपारी गाडी आली. कमोडचं झाकण ढिलं होतं म्हणून मी तिथंच होते. खरं म्हणजे झाकण सलीमभाईंनीही बसवलं असतं. मला धीर निघत नव्हता. अश्विनी उतरली, आईच्या गळ्यात पडली. विहीणबाई मात्र पाणीसुद्धा न घेता सरळ मागं आल्या आणि बाथरूमच्या दारात थबकल्या.

"काच कुठं गेली?"

शोभाताईंचा चेहरा पडला. मी पुढं झाले. "त्याचं असं आहे, बाळाला न्हाऊ घालायला..."

त्यांनी मला हातानं थांबवलं. चपला काढल्या, आत गेल्या, मग्गाभर पाणी फरशीवर ओतलं. अनवाणी पाय ओल्या शहाबादीवर ठेवून जोरात घासला. पाय हलला नाही. दुसरा पाय घासला. मग तशाच उभ्या राहिल्या, आमच्याकडं पाठ करून.

"आई, राहू द्या ना," अश्विनी सासूला म्हणाली.

"नाही गं, सांगते." त्या वळल्या. डोळे भरले होते. "शोभाताई, चौथ्या महिन्यात ही आमच्या बाथरूममध्ये घसरली. डॉक्टरांनी लगेच बघितलं, बाळाला काही झालं नाही. पण तुम्हाला कळवायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून मी तिला नजरेआड करत नव्हते. कमोड, कमोड करत राहिले. मला भीती फरशीची होती."

मला तो व्हिडिओ कॉल आठवला. त्या बाईनं दोनदा फरशी विचारली होती, आणि मी दोन्ही वेळा ती दिसते कशी ते सांगितलं होतं.

शोभाताई लेकीकडं वळल्या. "लागलं होतं का गं?"

"कमरेला. थोडंसं."

शोभाताईंनी तिच्या कमरेवर हात ठेवला, जणू आत्ताच लागलंय. मग विहीणबाईंना म्हणाल्या, "सांगायचं होतं हो. मी रागावले असते, भांडलेही असते. पण सांगायचं होतं." विहीणबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग शोभाताईच म्हणाल्या, "चला, हातपाय धुवा इथंच. जेवणं खोळंबलीत."

अश्विनीला मुलगी झाली. सव्वा महिना कौसाबाई रोज सकाळी आली. मी एकदा बघायला गेले तर आत वाफच वाफ, कौसाबाईचे पाय ऐसपैस लांब, नडग्यांवर लालबुंद पोर घर डोक्यावर घेत होती आणि पाणी घालून द्यायला पुण्याहून आलेल्या विहीणबाई बसल्या होत्या. फोटो काढला नाही. वाफेत काही दिसलंही नसतं.

नव्या गिऱ्हाइकाला विचारायची माझी एक यादी असते. आधी तिच्यात पहिला प्रश्न होता, रंग कोणता आवडतो? आता पहिला प्रश्न असतो, तुमच्या घरात बाथरूममध्ये कोण घसरलं होतं? बहुतेक सगळे म्हणतात, छे, कुणीच नाही. मी पेन खाली ठेवते आणि थांबते. जरा वेळानं घरातलं कुणीतरी बोलायला लागतं.