प्रभू, थांबजो जरा

"प्रभू, थांबजो जरा. आलोच मी."

ऐन प्रार्थनेत वेदीशेजारचं दार वाजलं की एक बोट छताकडे करून आमच्या चर्चचे पाळकसाहेब असं म्हणायचे आणि त्या दारातून बाहेर पडायचे. आम्ही डोळे मिटून बसलेलो. देव थांबायचा, पण मंडळीला थोपवून धरायचं काम माझ्या पेटीकडे. एकच चाल घोळवत राहायची आणि त्यांनी परत येऊन हात वर केला की थांबायचं. मग ते अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तिथूनच उचलत.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या चांगुलपणाने जीव नकोसा होतो.

त्या वर्षांत आर्णीकडची कपाशी बोंडअळीने खाल्ली होती. शेतात वेचायला काही उरलं नाही, म्हणून वेचणीच्या बाया घरी बसल्या होत्या. पाळकसाहेब रविवारी सकाळी नक्की सापडतात हे त्यांना ठाऊक होतं. कुणाला लेकराचं औषध हवं असे, कुणाला थोडी ज्वारी. त्यांतली एकही आमच्या मंडळीची नसे.

एका लग्नात तर नवरदेवाला प्रश्न विचारून साहेब बाहेर गेले. तो बिचारा रिकाम्या जागेकडे बघून "होय" म्हणाला. परत आल्यावर साहेबांनी आम्हालाच विचारलं, "काय म्हणे मंग?" नवरीचा चेहरा मला अजून आठवतो.

एकदा मी भांडलेच. "साहेब, त्या बाया पाच मिनिटं थांबू शकत नाहीत का?"

"थांबतेच ना बाई. सारं गावच त्याइले थांब म्हणते. म्हणून मी देवाले म्हणतो. त्याची माझी ओळख जुनी हाये."

मी चिडून पेटीचा भाता लावला.

पण एका सोमवारी दुपारी मी गाण्यांचं पुस्तक न्यायला गेले, तर रिकाम्या बाकांसमोर साहेब गुडघे टेकून बसलेले. माझी चाहूल लागली तसे ओशाळून म्हणाले, "कालची राह्यली होती थोडी." मग गुडघे झटकत उठले आणि म्हणाले, "मले बी राग येते बाई. कुठं मन लागाले लागलं का दार वाजते." मला त्यांची फार दया आली, आणि रागही गेला नाही.

मग कापणीचा सण आला. त्या दिवशी लोक शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. छप्पर गळत होतं, त्यासाठी हा लिलाव हवा होता. तूर, ज्वारी, दोन भोपळे, सगळं मांडलेलं. दार वाजलं. साहेबांनी बोट वर केलं, पण या वेळी रिकाम्या हाताने गेले नाहीत. लिलावाला भोपळे तेवढे उरले.

चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, ताडकन उठले. "पाळकसाहेब, देवाले वाहेलं होतं ते."

"म्हणून तर देलं. तुमचं असतं तर तुम्हाले विचारलं असतं."

साहेबांची बदली व्हायला वेळ लागला नाही. छप्पर गळतच होतं, त्यामुळे अध्यक्षही अगदीच चुकीचे नव्हते, आणि याचाच मला जास्त संताप यायचा. निघताना साहेबांनी सगळ्यांना सलाम केला आणि म्हणाले, "त्या दाराले कडी तेवढी लावू नका."

नवे पाळक चांगले आहेत. छप्पर दुरुस्त झालं, उपासना वेळेवर सुटते. आवाज येतो म्हणून त्या दाराला कडी असते.

परवाच्या रविवारी प्रार्थना चालू असताना दार वाजलं. माझे हात आपोआप पेटीवर गेले आणि तीच चाल सुरू झाली. नवे पाळक थबकून माझ्याकडे पाहू लागले. अध्यक्षांनी डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. दार आणखी एकदा वाजलं, मग वाजायचं बंद झालं.

मी मात्र वाजवतच राहिले. हात वर करणारं कुणी नव्हतं, थांबायचं कुठे ते मला कळेना.