दोन साखरांमधली चाळीस मिनिटं

साहेबांचं गणित फार सुंदर होतं, हे मी आधीच मान्य करतो. त्याचा जंतूंशी काही संबंध नव्हता, एवढीच काय ती उणीव.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी चांद्याकडचा, सातवीत शाळा सोडलेला. मुलुंडला औषधांच्या एका कारखान्यात साहेबांनी मला प्रयोगशाळेत घेतलं ते निव्वळ माझं अक्षर बघून. तो उपकार मी आजही मानतो. सहा महिने हंगामी, मग साहेबांनी सही केली तर कायम. मी मात्र उतावीळपणाने आईला आधीच कळवून टाकलं होतं, की कायम झालो. तेव्हापासून साहेब नुसते खाकरले तरी मी ताडकन उठून उभा राही.

साहेब परदेशी शिकून आलेले. जंतूंना एकाच पाण्यात दोन साखरा घालायच्या, ग्लुकोज आणि दुधातली साखर, आणि ते कसे वाढतील हे समीकरणाने आधीच सांगायचं, असा त्यांचा बेत. समीकरण काय, तर एका साखरेवरची वाढ अधिक दुसरीवरची वाढ. म्हणजे दोन्ही साखरा एकदमच खायच्या, असं ठरलं होतं. जंतूंना कोणी विचारलं नव्हतं.

माझं काम दर दहा मिनिटांनी नळी उजेडात धरायची. शेजारी गढूळ पाण्याच्या नंबर घातलेल्या नळ्या. जिच्याशी जुळेल तिचा नंबर वहीत लिहायचा. गढूळपणा जास्त म्हणजे जंतू जास्त. सकाळी दहापासून नंबर चढत जाई आणि बाराच्या सुमारास थांबे. चाळीस मिनिटं तोच नंबर. मग पुन्हा चढे.

साहेबांनी वही बघितली. "हे काय रे? चहाला गेला होतास?"

"नाही साहेब, इथंच उभा होतो."

"मग पाच वेळा एकच आकडा? जंतू काय जेवणाच्या सुट्टीवर गेले?" आणि स्वतःच हसले. हसण्याचं काम ते दुसऱ्यावर टाकत नसत.

दुसऱ्यांदा तेच झालं. साहेब म्हणाले, "पुन्हा असं दिसलं तर तुझ्या कागदावर सही करणं जड जाईल मला."

बाटल्या धुणारे काका मालवणकडचे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मेल्या, तुका नोकरी व्हयी की खरेपण व्हया? घाल आकडे नि मोकळो हो."

तिसऱ्या वेळी घातले. मधले चार आकडे मनाचे, समीकरणाच्या रेघेवर अचूक बसतील असे. साहेबांनी आलेख काढला आणि "झकास!" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने मला बरं वाटलं, ही त्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट.

त्या रेघेच्या जोरावर साहेबांनी एका वयस्कर प्राध्यापकबाईंना प्रयोग बघायला बोलावलं. शनिवारी सकाळी. शुक्रवारी मला राहवेना.

"साहेब, ते मधले चार आकडे मी मनाने घातलेत."

आता ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. साहेबांनी वही उघडली, बोट फिरवलं. "कुठले? सगळे तर बरोबर बसतायत."

"बसवलेत म्हणून बसतायत, साहेब."

"मग उद्याही बसव."

एवढ्या शिक्षणाचं हे फळ! मी सातवीत शाळा सोडली ते बरंच झालं म्हणायचं.

शनिवारी बाई स्टुलावर बसून साहेबांचे कागद चाळत होत्या. नळीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मी काहीही बोललो असतो तरी चाललं असतं. बारा वाजून दहा मिनिटांनी मी नळी धरली. तोंडात खोटा आकडा तयार होता.

"तोच नंबर," मी म्हणालो.

"नीट बघ," साहेब.

"नीटच बघतोय."

वीस मिनिटांनीही तोच. बाई उठल्या, चष्मा पुसून नळी स्वतः पाहिली. साहेब सुरूच झाले. पाणी गार झालं असेल, नळी अस्वच्छ असेल, माणूस सातवी नापास आहे. नापास नव्हतो, सोडली होती. पण हे कोणाला सांगायचं?

बाईंनी मला विचारलं, "आधी कधी असं झालं होतं का हो?"

"दर वेळी. तिसऱ्या वेळचं वहीत नाही. तिथले आकडे माझे आहेत."

बाई साहेबांकडे वळल्या. "अहो, आधी सोपी साखर संपवतात ते. मग दुसरी पचवायची तयारी करतात, तिला वेळ लागतो. हा वेळ तुमच्या समीकरणात कुठे आहे?"

"तो नगण्य धरलाय," साहेब म्हणाले.

चाळीस मिनिटं! आणि ती उभ्याने मोजणारा माणूस समोर.

महिनाअखेरीला माझा कागद सहीशिवाय परत आला. शेरा होता: निरीक्षणाच्या कामी विश्वासार्ह नाही. माझी रवानगी बाटल्यांकडे, काकांच्या शेजारी. साहेबांशी भांडायला जाणार होतो, पण तो शेरा त्या तिसऱ्या दिवसापुरता खरा होता. आईला लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, की कायम झालो नाही, आधी खोटं लिहिलं होतं.