नाव लावलेलं कार्ड

पेणपासून रोह्यापर्यंतच्या अख्ख्या पट्ट्यात क्रेडिट कार्डावर आमच्या धाकट्या मामांइतका जीव दुसऱ्या कुणीही लावला नसेल. हल्ली ऑफिसातली नवी पोरं मला विचारतात की प्रवासाचे पॉइंट देणारं ते मधल्या दर्जाचं कार्ड घ्यावं का, वर्षाची फी वसूल होते का. तेव्हा मला मामाच आठवतात. नव्वदीची शेवटची वर्षं ती. पेणच्या बाजारात कार्ड पुढे केलं तर दुकानदार ते ओळखपत्र समजून नाव वाचायचा, बरं म्हणायचा आणि परत द्यायचा. अशा गावात मामांनी कार्ड घेतलं, आणि तेही फी भरून.

मामांना मुळात सगळं मधलंच आवडायचं. एसटीत मधलं बाकडं, दुकानात मधल्या किमतीची चप्पल, चतुर्थीला मध्यम उंचीची मूर्ती. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे. मी तिथेच नुकता लागलो होतो आणि पेणला त्यांच्याच घरी राहायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत टाय लावलेला एक विक्रेता कँटीनमध्ये आला आणि त्याने तीन कार्डं टेबलावर मांडली. एक साधं, फुकट. एक सोनेरी, आमच्यातल्या कुणाच्याच पगारात न बसणारं. आणि मधलं चंदेरी, ज्याला वर्षाला फी होती पण खरेदीवर पॉइंट मिळायचे आणि पॉइंट साठले की विमानाचं तिकीट. मामांनी क्षणभरही विचार केला नाही. “वरचं झेपत नाय, खालचं पटत नाय,” म्हणाले आणि सही ठोकून मोकळे झाले. स्वतःचेच पैसे खर्च करायला वर फी भरणारा माणूस म्हणून कँटीनमध्ये त्यांची आठवडाभर टिंगल चालली. मामांनी ती शांतपणे ऐकून घेतली, कारण त्यांचं कारण घरी होतं.

ते कारण म्हणजे मामी. मामी पेणजवळच्या हमरापूरच्या एका कारखान्यात गणपतींची आखणी करायच्या, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायच्या. हात असा की भुवईची रेघ एका दमात ओढायच्या, आणि तोवर आजूबाजूचे लोकही श्वास धरून बसायचे. त्या कारखान्याच्या काही मूर्ती परदेशी जात. एका वर्षी पेंढा भरून खोकी बंद होत असताना मामी सहज बोलून गेल्या, “माझे गणपती इमानात बसून गेले. मी मेली हितंच.” त्या हसत हसत बोलल्या, बायकाही हसल्या. मामा त्यांना न्यायला आले होते, ते तेवढे हसले नाहीत. पुढच्याच महिन्यात तो टायवाला कँटीनमध्ये उगवला.

कार्डं दोन आली. एक मामांचं आणि एक जोडकार्ड, मामींच्या नावाचं. इंग्रजीतली ती उठावाची अक्षरं मामी कितीतरी वेळ बोटाने चाचपत होत्या. त्या दिवाळीला लक्ष्मीपूजनात दोन्ही कार्डं चौरंगावर बसली आणि मामांनी दोन्हींना भरघोस हळदकुंकू वाहिलं. तेव्हा कार्डाची उठावाची अक्षरं कार्बनने पावतीवर उमटवत. पुढे पनवेलच्या दुकानात यंत्रावर मामांचं कार्ड दाबलं तर अक्षरांत कुंकू भरल्यामुळे पावतीवर नावाऐवजी नुसता राडा उमटला. दुकानदाराने तीन पावत्या फुकट घालवल्या. घरी येऊन मामांनी आपलं कार्ड जुन्या टूथब्रशने घासून लख्ख केलं. मामींचं कार्ड कधी वापरायचंच नव्हतं, ते तसंच चष्म्याच्या डबीत जाऊन बसलं.

आता पॉइंट साठवायचे तर खरेदी हवी, आणि मामांच्या घरात खरेदी म्हणजे तांदूळ, सुकी मासळी आणि वर्षाकाठी एक छत्री. मग मामांनी एक नामी युक्ती काढली. ते दुसऱ्यांच्या खरेदीला जाऊ लागले. गल्लीत कुणी फ्रिज घेणार अशी कुणकुण लागली की मामा पिशवी घेऊन दारात हजर. पनवेलला नाहीतर ठाण्याला बरोबर जायचं, कार्डावर पैसे द्यायचे आणि त्या माणसाकडून रोख घ्यायचे. कार्डाचं म्हणून दुकानदार वर थोडे जास्त मागायचा, ते मामा गुपचूप आपल्या खिशातून भरायचे. शेजारच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेले तेव्हा कार्ड काढणारा तोच मुलीचा बाप असणार असं धरून दुकानदाराने मामांना गादीवर बसवलं, नारळ दिला, कोल्ड्रिंक मागवलं. खरा बाप दाराशी चपला राखत उभा. परतीच्या एसटीत तो मामांपासून लांब, मागच्या बाकड्यावर जाऊन बसला, आणि मामांना शेवटपर्यंत त्याचं कारण कळलं नाही. पुढे पुढे तर साखरपुड्याची बातमी ऐकली की लोक आधी मुलाचं नाव विचारत, आणि मामा विचारत की भांडी कुठून घेणार.

एका उन्हाळ्यात अखेर पॉइंट जमले. दोघांचं गोव्याचं तिकीट निघेल एवढे. मामींनी नव्या साडीला फॉल लावून घेतला, कारखान्यात चार दिवस येणार नाही म्हणून सांगितलं. कुठे जायचं याची त्यांना पर्वाच नव्हती. खिडकीशी बसवा म्हणजे झालं, एवढंच त्यांचं मागणं. आणि नेमकं तेव्हाच, आयुष्यात पहिल्यांदा, मामांना मधलं पुरेना झालं. गोव्याला काय, आता रोह्यावरनं रेल्वे झाली, ते म्हणू लागले. हिला पहिल्यांदा न्यायचं तर दिल्लीला न्यायचं. अजून थोड्या पॉइंटांचा प्रश्न आहे, गणपती झाले की निवांत जाऊ. पॉइंट तोवर राहतील ना, असं मामींनी विचारलं नव्हतं, पण मामांनी उत्तर मात्र दिलं. “नाव लागलंय गो त्यावर आपलं.”

हे उत्तर पेणच्या माणसालाच सुचावं. आमच्याकडे गिऱ्हाइकाने मूर्ती पसंत केली की तिला त्याच्या नावाची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी लागली की ती मूर्ती त्याची. मागून येऊन कुणी दुप्पट पैसे देऊ केले तरी कारखानदार ती हलवत नाही. चतुर्थीची सकाळ उजाडली, सगळी फळी रिकामी झाली, तरी ती मूर्ती मालकाची वाट बघत बसलेली असते. मामा जन्मभर हेच बघत आले होते. जगात कुठेही नाव लावून ठेवलेली गोष्ट अशीच राहत असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. मामींनी साडी घडी करून ठेवून दिली आणि पुन्हा आखणीला बसल्या.

विसर्जन झालं, आणि मामांनी एसटीडी बूथवरून मुंबईला फोन लावला. मी शेजारी उभा होतो. पलीकडची मुलगी मराठीच होती. तिने सांगितलं की मुदत उलटली, जुने पॉइंट रद्द झाले. मामांना वाटलं, तिला नीट कळलेलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, “बाय, त्यावर नाव हाय आमचं. आमच्याकडं नाव लावलेली मूर्ती दुसऱ्याला देत नायत.” मुलीने तेच वाक्य हळू आवाजात पुन्हा सांगितलं. मामांनी तिला बरं म्हटलं आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

घरी मामी रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. जाऊ दे, म्हणाल्या, पुढच्या वर्षी जाऊ. दोन तिकिटं रोख पैसे टाकून काढणं मामांना जड नव्हतं, मी तसं म्हटलंही. पण मग एवढी वर्षं कार्ड कशाला सांभाळलं, असं त्यांचं म्हणणं. ते नव्याने पॉइंट जमवायला लागले. त्याच थंडीत एका पहाटे मामींच्या छातीत दुखायला लागलं आणि पनवेलला नेताना वाटेतच त्या गेल्या. साडीचा फॉल तसाच कोरा राहिला. मला अजून त्या साडीची आठवण झाली की मामांचा राग येतो, आणि लगेच त्या रागाची लाजही वाटते.

मामा त्यानंतर कुणाच्या खरेदीला गेले नाहीत. फी मात्र दर वर्षी भरत राहिले, दोन्ही कार्डांची. निवृत्त झाल्यावर एकदा मी धीर करून म्हटलं की मामींचं कार्ड तरी आता परत करून टाका. त्यांनी चष्म्याची डबी उघडली, नंतर आलेल्या नव्या कार्डांखालचं ते पहिलं कार्ड तळहातावर घेतलं आणि म्हणाले, “नाव लावलेलं हाय. परत कसं करू?”

मी ते हातात घेतलं. मामींच्या नावाच्या अक्षरांत त्या दिवाळीचं कुंकू अजून तसंच होतं.