चाळीस सेंटिमीटरची फेरी

माप खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं पट्टीकाका दिवसातून दोनदा तरी म्हणायचे, आणि ज्याला म्हणायचे तो मान डोलावून पुन्हा खेळात डोकं खुपसायचा. कोणाला पटावं म्हणून ते म्हणत नसत. तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, एवढंच.

काट्यांचं दुकान बंद पडलं तेव्हा मेव्हण्याने त्यांना आपल्या गेमिंग हॉलमध्ये बसवलं. बावीस कॉम्प्युटर, काळ्या खुर्च्या, खिडक्यांना जाड पडदे. काम काय, तर धूळ पुसायची, वायरी बघायच्या आणि भांडणं मिटवायची. पण जित्याची खोड. महिनाभरात खिशातली स्टीलची पट्टी बाहेर आली. बंदुकीच्या खेळात माऊस किती सरकवला की खेळातला माणूस स्वतःभोवती एक पूर्ण फेरी मारतो, हे ते मोजायला लागले. माऊस पट्टीच्या शून्यावर ठेवायचा, खेळातली एखादी खिडकी मधोमध धरायची आणि तीच खिडकी परत मधोमध येईपर्यंत माऊस ओढत न्यायचा. कोणाची फेरी तीस सेंटिमीटरची, कोणाची पन्नासची. काका ते वहीत लिहून ठेवायचे. आधी सगळे हसले. मग एकाने कॉम्प्युटर बदलला, त्याचा नेम चुकायला लागला, आणि काकांनी वही उघडून पाच मिनिटांत त्याची फेरी जुळवून दिली. नंतर हसणारेच रांगेत उभे राहिले, आणि पट्टीकाका हे नावही त्यांनीच पाडलं.

वहीचं पहिलं पान लेकीचं होतं. ठकी, फेरी चाळीस, व्ह्यू नव्वद. व्ह्यू म्हणजे खेळातल्या माणसाला समोर किती रुंद दिसतं, ते अंशांत. आकडा वाढवला की कडेचं जास्त दिसतं, कमी केला की समोरचं मोठं दिसतं. ठकी एकोणीस वर्षांची होती आणि नव्वदवर तिचा नेम असा होता की काका तिच्या खुर्चीमागे उभे राहून काम विसरायचे. आई म्हणायची, "या खेळानं पोट भरतं का?" तर भरणार होतं. एक संघ पगारावर खेळाडू घेणार होता. जागा एकच, आणि रविवारी दुपारी हॉलमध्ये तीन सामने.

आता काकांच्या डोळ्यांचं सांगायला हवं, कारण काकांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. वर्षभर त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटत होता. "दाराला दोन बाजू असतात हो," बायको म्हणायची, आणि ते हसण्यावारी न्यायचे. डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. डोळ्यांतला दाब वाढलाय, कडेची नजर गेलीय, गेली ती येणार नाही, राहिलीय ती थेंब टाकून सांभाळा. थेंबांची बाटली काकांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. ज्याला कडेचं दिसत नाही त्याच्या मापावर कोण विश्वास ठेवील, ही त्यांची भीती होती. आणि खोटं कशाला बोला, भीती साधार होती.

सकाळी हॉल रिकामा असताना ते स्वतःही थोडं खेळायचे. हल्ली दर वेळी कडेने कोणीतरी येऊन त्यांना टिपायचं. त्यांनी व्ह्यू एकशेदहावर नेला, खुर्ची मागे ओढली, आणि कडेची माणसं पडद्याच्या मधल्या भागाकडे सरकली. काकांना बरं वाटलं. इतकं बरं, की शनिवारी त्यांनी ठकीलाही तेच सांगितलं.

"कडेनं मारतील तुला. व्ह्यू वाढव."

"मला दिसतं की कडेचं, बाबा."

"आत्ता दिसतं. उद्या घाईत नाही दिसणार."

"पण माझा हात बदलेल ना?"

काकांनी व्ह्यू एकशेदहा केला, पट्टी ठेवली, माऊस ओढला. खिडकी परत मधोमध आली ती बरोबर चाळीसवर. "बघ. केसाचाही फरक नाही. माप खोटं बोलत नाही, ठके."

बापाचा शब्द आणि पट्टीचा आकडा, दोन्ही एकदम. तिने मान्य केलं.

रविवारी ते तिच्या मागे उभे होते. शत्रू दिसायचा, हात झपकन जायचा, आणि नेम बोटभर अलीकडेच थांबायचा. ती पुढे रेटायची, तोवर मरायची. दुसऱ्या सामन्यातही तेच. तिसऱ्यातही तेच. निवड दुसऱ्याच मुलीची झाली. ठकी उठली, हेडफोन हुकाला अडकवला आणि जिन्यात म्हणाली, "हातच गेला माझा." 

सोमवारी काकांनी पट्टी टेबलावर न ठेवता पडद्याला लावली. अर्ध्या तासात सगळं कळलं. पूर्ण फेरी व्ह्यूने बदलत नाही, ती चाळीसच राहते. पण पडदा तेवढाच आणि त्यात जास्त जग कोंबलेलं, म्हणून मधलं जग आखडतं. नव्वदवर पडद्यावरच्या ज्या अंतराला हात एक सेंटिमीटर जायचा, तेवढ्याच अंतराला एकशेदहावर जवळजवळ दीड लागतो. ठकीचा हात शिकवल्याप्रमाणे एकच गेला होता. हात बरोबर होता.

शून्यावर आणि पूर्ण वजनावर चोख दाखवणारे आणि मधे खोटं बोलणारे काटे काकांनी शेकड्यांनी पाहिले होते. काटा तपासताना मधलं वजन टाकायचंच, हा त्यांचाच नियम. लेकीच्या वेळी त्यांनी मधलं वजन टाकलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तिला सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण पहिलं वाक्य सांगितलं की व्ह्यू का वाढवला हे आलं, आणि ते आलं की डोळे आले. उद्या सांगू, म्हणून त्यांनी दिवस ढकलले. ठकी कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर बसायला लागली. माऊस तिने कपाटात टाकला. हॉलच्या फळ्यावर दुसऱ्या संघाच्या निवडीचा कागद लागला, वय विसाच्या आत, अर्जाची शेवटची तारीख पंधरा. काका रोज तो कागद वाचायचे. पंधरा आली आणि गेली. सोळाला त्यांनी स्वतःच्या हाताने कागद काढला.

अठराला दुपारी ठकी त्यांचा विसरलेला डबा घेऊन हॉलवर आली आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली. काका वही लिहीत होते. ती वाट बघत राहिली. तिने हात हलवला. काका वही लिहीतच होते.

"बाबा."

ते दचकले. "कधी आलीस?"

 टेबलावरची पट्टी उचलून ती त्यांच्या मागे गेली. "समोर बघा. पट्टी दिसली की सांगा."

ती काय करतेय हे काकांना लगेच कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढलेला माणूस सरळ भिंतीकडे बघत बसला. थोड्या वेळाने त्यांनी अंदाजाने म्हटलं, "दिसली."

"अजून तुमच्या कानापाशी आहे." तिने पट्टी हळूहळू पुढे आणली. कानावरून पुढे, गालावरून पुढे, जवळजवळ नाकासमोर.

"आता दिसली," काका म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं.

"कधीपासून?"

"निवडीच्या आधीपासून."

तिने पट्टी टेबलावर ठेवली. "म्हणून माझा व्ह्यू वाढवलात."

"हो. आणि तुझा हात गेला नव्हता, ठके. नेम अलीकडे पडत होता तो माझ्यामुळे. दुसऱ्या दिवशीच कळलं मला."

"दुसऱ्या दिवशी?"

"हो."

तिने फळ्याकडे पाहिलं. कागद नव्हता, चार टाचण्या तेवढ्या होत्या. "परवा-तेरवापर्यंत अर्ज घेत होते," ती म्हणाली. "मी भरलाच नाही. म्हटलं, ज्याचा हातच गेला त्यानं कशाला भरायचा? पुढच्या महिन्यात वीस होतील मला."

 काकांनी वही मिटली.

घरी निघाले तेव्हा जिन्याशी तिने त्यांचा डावा दंड धरला. रागावली होती, दंड दुखेल इतकं घट्ट धरलं होतं, पण धरलं होतं. "पायरी," ती म्हणाली. "पायरी. पायरी." काका एकेक उतरत गेले. ती त्यांच्या अगदी शेजारी होती, आणि ती रडतेय हे त्यांना फक्त तिच्या आवाजावरून कळत होतं.